आर्लोने बुजवलेली विहीर

व्हर्जिल टॅकेट तेहेतीस वर्षं पश्चिम टेक्सासातल्या तेलविहिरींवर देखरेखीच्या फेऱ्या मारत होता. म्हाताऱ्या विहिरी सुखासुखी तेल देत नाहीत, म्हणून कंपनी जमिनीत कार्बन डायऑक्साइड दाबते. तो तेलाला पुढे रेटतो. त्यातला काही तेलासोबत वर येतो, तो वेगळा काढून पुन्हा खाली धाडतात. बाकीचा खालीच मुरतो. त्या वसंतात ओलीटाबाईंच्या शेताजवळ दाबलेला वायू फारच थोडा परत येऊ लागला. तरुण इंजिनिअर खूश झाला, त्याच्या मते सगळा खाली मुरत होता. व्हर्जिलला मात्र वाटलं, तो दुसऱ्याच कुठल्या वाटेने वर येत असणार.

त्या शेतातली एक आटलेली तेलविहीर साठ वर्षांपूर्वी त्याच्या बापाने, आर्लोने, बुजवली होती. कागदावर तळापासून सिमेंट होतं. मरताना म्हाताऱ्याने लेकाला खरं सांगितलं: आत कुंपणाचे खांब, चिखल आणि वर टोपीपुरतं सिमेंट. तेव्हा सर्रास असंच चालायचं. पण चर्चबाहेरच्या बाकावर ‘सचोटीचा माणूस’ म्हणून आर्लोचं नाव कोरलेलं होतं. म्हणून बाप गेल्यापासून अकरा वर्षं व्हर्जिलने ब्र काढला नव्हता.

मग एका दुपारी चक्रीवादळाचा इशारा आला. एकट्या राहणाऱ्या ओलीटाबाई उशी नि रेडिओ घेऊन वादळात आसरा घ्यायला अंगणातल्या तळघरात उतरायला निघाल्या होत्या. गाडी दामटत आलेल्या व्हर्जिलने त्यांना तळघराच्या दारातच अडवलं आणि दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. चौथ्या पायरीशी तो विझला. अर्धवट बुजवलेल्या विहिरीतून वर आलेला हा वायू हवेहून जड, खोलगट जागी गुपचूप साचून राहतो. बाई खाली गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या.

त्याने त्यांना गाडीत घातलं आणि आसऱ्यासाठी गावातल्या शाळेकडे निघाला. वाटेत बापाच्या नावासकट सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

“एकट्या आर्लोला बोल लावू नकोस,” बाई म्हणाल्या. “ते खांब आमच्याच कुंपणाचे. लवकर बुजली की कापूस पेरता येईल, म्हणून आमच्या ह्यांनी दिले. विहिरीत टाकायला मीही हात लावला होता.”

“मग इतकी वर्षं गप्प का राहिलात, ओलीटाबाई?”

“तू का राहिलास?”

शाळेशी गाडी थांबली. व्हर्जिलने तिथूनच इंजिनिअरला फोन लावला आणि आधी बापाचं नाव सांगितलं. बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

“आणि हेही लिहून घे, बाळा,” त्या म्हणाल्या, “खांब माझे होते.”