लिमिटपेक्षा एक कमी

“एजन्सीला सांगा, सोमवारपासून ही बाई नको.”

मीटिंग रूमचं दार नीट लागलं नव्हतं, म्हणून ऐकू आलं. आमचे मॅनेजर मूळचे पुण्याचे. आतमध्ये ॲडमिनच्या माणसाशी बोलत होते. ‘ही बाई’ म्हणजे मंगलक्का – निपाणीकडच्या, आमच्या मजल्यावर साफसफाई करतात. मी बाहेर लॅपटॉप घट्ट धरून उभी...

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विश्वास लॉगवर, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदींवर. बंगळुरूत, हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी आयटी सपोर्टला आहे. किती वेळा पासवर्ड चुकला की अकाउंट लॉक व्हावं, ते सेटिंग माझ्याकडे. लिमिट पाच होतं.

मग रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यातल्या पीसीवरून मॅनेजर सरांच्या अकाउंटला चुकीचे पासवर्ड पडायला लागले. बरोब्बर चार. मग शांत. अकाउंट लॉक होतच नव्हतं. सरांना विचारून मी लिमिट तीन केलं... दुसऱ्या दिवशी दोनच प्रयत्न.

नेमक्या त्याच वेळी मंगलक्का तो कोपरा पुसतात. “तिला कुणीतरी आतून लिमिट सांगतंय,” सर म्हणाले होते. पण लिमिट आम्हा दोघांनाच माहीत होतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी मी लिमिट सात केलं. सरांनाही सांगितलं नाही. त्या पीसीची नेटवर्क केबल काढून बॅगेत टाकली. वायफाय त्याला नाहीच. आणि अकराच्या सुमारास मंगलक्कांना पँट्रीत चहाला थांबवलं.

“काय गे, रोज मान वर करत नाहीस, आज चहा पाजतीस? लग्न ठरलं काय?”

“नाही हो अक्का...”

“मग स्वल्प साखर तरी घाल की!”

सव्वाअकरापर्यंत त्या माझ्यासमोर होत्या. जागेवर येऊन मी लॉग उघडला. अकरा दहा. तोच पीसी. सहा प्रयत्न.

केबल माझ्या बॅगेतच होती. सर्व्हरचं घड्याळ, सेव्ह केलेले जुने पासवर्ड, आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट – सगळं तेव्हा तपासलं, नंतरही कितीदा तपासलं. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

तो लॉग दाखवायलाच मी दारापर्यंत आले होते. पण दाखवला असता तर पहिला प्रश्न मलाच – सात कुणाला माहीत होतं? लॅपटॉप मिटून परत गेले असते, तर कुणाला कळलंही नसतं. मागे मंगलक्का मॉप मारत होत्या. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. “सरक बाळ, ओलं आहे,” एवढंच म्हणाल्या.

मी दार ढकललं. ऑफिसात मी फक्त इंग्लिश बोलते, तेही कामापुरतं. त्या दिवशी मात्र मराठीच आलं, आणि नको तितकं मोठ्याने –

“सर, लिमिट सात आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि अक्का तेव्हा माझ्याबरोबर चहा पीत होत्या. कुणाला काढायचंच असेल, तर मला काढा.”