घाटमाथ्यावरची अंडी

आई गेली तेव्हा मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी नोकरी केली आणि उरलेल्या वेळात आईचं केलं. शेवटची काही वर्षं ती अंथरुणालाच होती. ती गेल्यावर घरात मी उरले आणि कुत्रा. कुत्रा म्हणजे कुळगावातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी बसणारा तांबूस भटका. तळमजल्याच्या खिडकीतून आई त्याला पोळी टाकायची. तिचे दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी तो सरळ घरात येऊन तिच्या पलंगाखाली झोपला. मी त्याला हाकललं नाही.

मला डोंगर बघायचे होते आणि कुत्र्याला लॉजवर कोणी घेत नाही. म्हणून शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी व्हॅन विकत घेतली. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्या सिंधी शेठनी तिच्यात प्लायचा पलंग आणि शेगडीपुरता ओटा बसवून दिला. मापं घेताना ते सारखं विचारत होते, "मॅडम, सच में अकेले जाओगे?"

"अकेली कहाँ? कुत्ता है ना."

त्यांनी कुत्र्याकडे बघितलं आणि दाराला आतून एक जास्तीची कडी लावून दिली.

थंडीत निघाले. बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, मग माळशेज चढून वरच्या डोंगरांत. पहिल्या सकाळी दचकून जागी झाले, कारण आईच्या गोळीची वेळ झाली होती. समोर दरी, खाली धुकं, आणि मी गोळ्यांची पेटी शोधत होते. मग लक्षात आलं. कुत्र्याने पायाला नाक लावलं तेव्हा चहा ठेवला. पुढचे काही दिवस असेच गेले. गाडी वस्तीपासून लांब लावायची, डोंगर बघायचे, कोणाशी बोलायचं नाही. मला तेच हवं होतं, असं मी स्वतःला सांगत होते.

मग एका वस्तीजवळ कुत्रा पट्ट्यातून निसटला. मी हाका मारत पोचले तेव्हा गवताच्या गंजीमागे पिसंच पिसं पडली होती आणि माझ्याच वयाची एक बाई काठी घेऊन उभी होती.

"तुझं कुत्रं हाय का हे?"

"हो, माझंच. चुकलं हो. तुमच्या कोंबडीचे पैसे देते मी."

"पैसं काय अंडी उबवत्यात का? खुडूक व्हती माझी कोंबडी. अंड्यांवर बसली व्हती."

पाटीतली अंडी तिने मला हाताला लावून दाखवली. अजून ऊन होती. आत पिल्लं धरली होती. वस्तीत दुसरी कोणाची कोंबडी तेव्हा उबवायला बसलेली नव्हती. पण डोंगरापलीकडे दिलेल्या तिच्या लेकीची कोंबडी आदल्या दिवशीच खुडूक झाली होती, तसा फोन आला होता. एसटीने जायचं तर आधी खाली उतरायचं, गाडी बदलायची, मग पुन्हा वर. तोवर अंडी गार.

"मग माझ्या गाडीतून चला," मी म्हणाले.

तिने गाडीत डोकावून पलंग, पडदे, शेगडी सगळं पाहिलं. मग चुलीवर भाताचं तूस गरम करून पाटीत पसरलं, त्यात अंडी ठेवली, वर गोधडीचा तुकडा घातला आणि पाटी मांडीवर घेऊन पुढे बसली. कुत्र्याला मी मागे बांधलं.

रस्ता म्हणजे नुसते दगड. "हळू, फुटतील," ती म्हणायची आणि लगेच, "चल बाय लवकर, गार पडतील." मधूनच एखादं अंडं काढून गालाला लावून बघायची.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "घरच घिऊन फिरतीस, मग घरी कोण असतं?"

"कोणी नाही. आई होती, ती गेली."

"येकलीला भ्या नाय वाटत?"

"कुत्रा आहे ना राखणीला."

तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. "ह्यो? ह्यो कोंबड्यांशी लढनारा?" आणि ती हसली. मलाही हसू आवरेना. किती महिन्यांनी मोठ्याने हसत होते कोण जाणे.

शेवटच्या चढावर चाकं खडीवर जागच्या जागी फिरायला लागली. तिला उतरवावं तर बाहेर गार वारा होता. मी पाण्याचे कॅन उतरवून ठेवले, कुत्र्याला सोडलं आणि गाडी एकदाची वर घातली. तो पळून जाईल असं वाटलं होतं, पण कान पाडून मागोमाग आला.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. लेक धावत आली. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. "कोंबडी कुठंय?" म्हणत सरळ आत गेली. अंधाऱ्या कोपऱ्यात कोंबडी फुगून बसली होती. बाईने एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. कोंबडीने चोचीने ती आणखी आत ओढून घेतली.

तेव्हा कुठे बाई लेकीकडे वळली. दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं आणि रडायला लागली. लेकीचं मूल पोटातच गेलं होतं, पावसाळ्यात. रान आवरलं की जाईन, रान आवरलं की जाईन, असं म्हणता म्हणता आईला यायला जमलंच नव्हतं. हे मला लेकीने नंतर, भाकरी थापताना सांगितलं. मी चुलीशी बसून ऐकत राहिले. माझ्या आईला सोडून कुठे जाता येत नाही याचा मला वर्षानुवर्षं राग यायचा. इथे मात्र कोणीतरी आईची वाट बघत बसलं होतं.

त्या रात्री गाडी त्यांच्या अंगणात लावली. सकाळी बाई काही दिवस तिथेच राहायचं ठरवून बसली होती. मी आणि कुत्रा पुढे निघालो.

घरी परतल्यावर एकदा कुळगावच्या बाजारात भाजी घेत होते तेव्हा त्या लेकीचा फोन आला. चार अंडी वाया गेली होती, बाकीच्यांतून पिल्लं निघाली होती. फोन मग तिच्या आईने घेतला.

"त्या चोराला सांग, पिल्लं खेळत्यात म्हनून," ती म्हणाली. "आन् तू काय करतीस?"

"वांगी घेतेय."

"काटेरी बघून घे," ती म्हणाली, आणि भरल्या वांग्यात काय काय घालायचं ते सांगत बसली. भाजीवाली पिशवी धरून थांबली होती. मी तिला हातानेच थोडं थांब म्हटलं.