त्यांनी आईचा आवाज बंद केला

साहेबांनी रिमोट उचलला आणि आईचा आवाज बंद केला.

टीव्हीवर आईचे ओठ हलत राहिले. खरी आई माझ्या शेजारीच बसली होती. बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्यांच्या बंगल्यात, सोफ्याच्या अगदी कडेला.

माझी ती पहिली फिल्म. बाप बाजव्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात गटर साफ करायला उतरला आणि मेला. त्यावर केलेली. लग्नांच्या शूटिंगला जाऊन जाऊन कॅमेरा शिकले होते. बडोद्यात मराठी फिल्मला हॉल मिळायचा तो साहेबांच्या शब्दावर. त्यांचे आजोबा संस्थानात मोठे अधिकारी. हे त्यांनी चहाच्या आधीच सांगितलं.

"चित्रण छान आहे," ते म्हणाले. "पण ही मराठी ऐकवत नाही. 'दोरी वर आली ती खाली आली.' अहो, वर आली की खाली?"

हसले. त्यांची सूनही हसली.

आमच्यात खाली म्हणजे रिकामी. गुजरातीत म्हणतात तसं. दोरी ओढली तर टोकाला बाप नव्हता. एवढंच सांगत होती आई.

"सूनबाई रेडिओवर बोलतात. निवेदन त्या करतील. हॉलचं मी बघतो."

आईने मला हळूच विचारलं, "मग मी कशाला बोलली?"

शाळेत बाईंनी भर वर्गात माझी भाषा अशीच सोलली होती. तेव्हापासून घराबाहेर मी यांच्यासारखी बोलायची. शुद्ध. त्याच शुद्ध भाषेत ओठांवर आलं होतं, चालेल सर. गिळलं.

उठले. त्यांच्या हातातला रिमोट घेतला. आवाज वाढवला.

"आता हसा."

साहेब म्हणाले, "माझ्याशिवाय ही फिल्म बडोद्यात कोण दाखवतं, बघतोच."

खरंच कोणी दाखवली नाही. नागरवाड्यातल्या एका हॉलवाल्याने हो म्हणून शब्द फिरवला. मग आमच्या वस्तीतल्या भिंतीवर दाखवायला घेतली, तर कारखान्याची माणसं आली. अर्ध्यावर बंद करावी लागली. आई त्याआधीच उठून गेली होती. तिला बापाचा फोटो बघवला नाही.

आता दुसरी करतेय. बाजव्यात आणखी बायका आहेत, नवरे असेच गटरात गेलेल्या. कॅमेऱ्यासमोर अडखळतात, रागावतात, मधेच गुजरातीत शिरतात. मी एक शब्द बदलणार नाही. हॉल मिळो, न मिळो. ज्यांना कळणार नाही, त्यांनी आमची भाषा शिकावी.