मामींचा आसूढाळ घोडा

आमच्या धाकट्या मामांइतका घोड्यांतला जाणकार सबंध उज्जैनमध्ये सापडायचा नाही, आणि घोड्यापासून त्यांच्याइतका लांब राहिलेला माणूसही सापडायचा नाही. जन्मात ते एकदाच घोडीवर बसले, स्वतःच्या लग्नात, तेही सासरच्यांनी धरून बसवलं म्हणून. टावर चौकात बँडवाल्यांनी जोर धरला तसे हे खाली उतरले आणि उरलेली वरात घोडीच्या शेजारून पायी चालले. "म्हातारी होती घोडी. दात पाहिले ना मी. तिच्यावर काय बसायचं?" हे कारण ते आजही देतात. मामी ही हकीगत सांगत तेव्हा शेवटी म्हणत, "माझे दात नाही पाहिले, हे नशीब." मामी यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. तेव्हापासून ती हकीगत कोणी पुरी सांगत नाही.

मामांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. माधव नगरात घराच्याच पुढच्या खोलीत बसून त्यांनी चाळीस वर्षं शहरातल्या डॉक्टरांसाठी दात घडवले. रस्त्यात एखादा म्हातारा भुट्टा खाताना दिसला की मामा थांबून कौतुकाने त्याच्या तोंडाकडे पाहत राहत, आणि तो बिचारा ओशाळून पाठ फिरवी. त्यांचे पूर्वज दरबारच्या पागेत घोड्यांचे कागद सांभाळायचे: कुठल्या घोड्याचा रंग काय, वय किती, अंगावर केसांचे भोवरे कुठे. "आपल्या घराण्यात कामच दातांचं. आधी घोड्यांचं, मग माणसांचं. मतलब तरक्कीच झाली म्हण," असं ते मला सांगत. यात मीठमसाला किती, हे विचारायची सोय नव्हती. पणजोबांच्या हातची घोड्यांच्या खुणांची एक वही खरोखरच त्यांच्यापाशी आहे, आणि शंका घेणाऱ्याला ते ती पहिल्या पानापासून वाचून दाखवतात. मी दोनदा ऐकली आहे.

खेळण्यातल्या घोड्यांचा नाद मात्र माझ्या मुलीमुळे लागला. चिनू पाच वर्षांची असताना तिच्या गुलाबी, शिंगवाल्या प्लॅस्टिकच्या घोड्याचा पाय मोडला. आम्ही नानाखेड्याच्या आमच्या घरून तो मामांकडे घेऊन गेलो, कारण जोडाजोडीचं सामान घरात असलेला माणूस आमच्या नात्यात तेवढाच. संध्याकाळी घोडा चारी पायांवर उभा होता, शिंग मात्र गायब. "कपाळावर हाड वाढलं होतं त्याच्या. किती दिवसांपासून सोसून राहिलं होतं बिचारं जनावर! काढून टाकलं," असं म्हणत मामांनी ते शिंग कापसात गुंडाळून चिनूच्या हातावर ठेवलं. चिनूने असा टाहो फोडला की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. मामा घाबरून भिंतीला टेकले. मामींनी पोरीला मांडीवर घेतलं आणि मामांना सांगितलं, "आता बसा, आणि तिला याहून चांगला करून द्या. तोवर तुम्हाला जेवण नाही."

जेवण त्या रात्रीच मिळालं, घोडा मात्र आठ दिवसांनी. मामांनी त्याला गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, मुंडकं काढलं, आतून सगळे नायलॉनचे केस उपटले. नेलपॉलिश पुसायच्या औषधाने कारखान्यातले बटबटीत डोळे पुसले. मग मामींच्या भरतकामाच्या पेटीतला काळा रेशमी धागा सुईने एकेक टाका घालत ओवला, अंगाला तांबूस रंग दिला, चारी पाय पांढरे केले, आणि मिटलेलं तोंड कोरून आत कवळीच्या मसाल्याचे बारीक दात बसवले. "सात वर्षांचा आहे. उमदा," असा दाखला देऊन त्यांनी तो चिनूच्या स्वाधीन केला. चिनूने त्याचे दात मोजले आणि मामांना माफ केलं.

मग काय, गल्लीतली, वर्गातली, ओळखीपाळखीची पोरं आपापले घोडे घेऊन येऊ लागली. एका बाईंनी दारातूनच सांगितलं, "भाईसाब, बच्ची का घोड़ा पर्पल ही रहने देना." मामा शांतपणे म्हणाले, "बहनजी, आपने पर्पल घोड़ा कभी देखा है?" बाईंनी विचार केला आणि घोडा ठेवून गेल्या. घोडा कोणासाठी आहे हे विचारल्याशिवाय मामा ब्रश उचलत नसत. परीक्षा असलेल्या मुलाला पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि कपाळ पांढरं. दुखण्यातून उठलेल्या मुलाला गळ्याखाली भोवरा असलेला घोडा, त्याला वहीत देवमण म्हटलंय. एकच खूण ते कधी काढत नसत. डोळ्याखाली भोवरा असला की त्या घोड्याला आसूढाळ म्हणतात, आणि तो ज्या घरात जाईल तिथे रडारड आणतो. हल्ली खेळण्यांच्या डोळ्याखाली चमचमणारा थेंब काढायची फॅशन आहे. तसा घोडा आला की मामा आधी तो थेंब पुसत, मग मुलाला बसायला सांगत.

असल्या बारीकसारीक गोष्टींतच या माणसाचा जीव. संत्र्याचं साल एका पट्टीत निघालं की ते मामींना हाक मारून दाखवत. सकाळच्या पोह्यांवर शेव घातल्यावर ती मऊ व्हायच्या आत घास संपवायचा, यासाठी ते घड्याळाकडे पाहत. मामी हाकेला ओ देऊन येत, साल पाहत, "वा" म्हणत आणि परत जात. असं दिवसातून दहा वेळा. आम्ही मामांना हसायचो. त्या दहा हेलपाट्यांकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

मामांना रडता येत नाही. आजी गेली तेव्हा घरात सगळे रडत होतो, आणि हे तिची कवळी धुऊन, पुसून, डबीत ठेवत होते. मोठे मामा फार चिडले. मामी म्हणाल्या, "राहू द्या. त्यांचं तेच आहे."

मागच्या नवरात्रात मामींनी मला फोन केला. साडीला फॉल लावायला टावर चौकात जाऊ म्हणाल्या. फॉल-बिल काही नव्हतं, आम्ही गेलो डॉक्टरांकडे. पाय सुजत होते, रिपोर्ट आधीच काढून झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या बऱ्याच वर्षांपासून जात आल्यात, आता फार थोडं काम उरलंय. बाहेर येऊन मामींनी ज्यूस घेतला आणि माझा हात धरला. "गुड्डी, यांना नाही सांगायचं. तोंड पाडून बसतील, घोडे सोडतील. घरात दोन-दोन आजारी मी कुठे सांभाळू?" मी शपथ घेतली. मला मोठेपणा वाटला होता त्या वेळी. आता लाज वाटते.

संक्रांतीला तिळगूळ देताना मामी मामांना म्हणाल्या, "सगळ्या गावाचे घोडे केले, माझा नाही केला." मामांना नवल वाटलं. मागायच्या नाहीत त्या कधी काही. "पांढरा करा," मामी म्हणाल्या, "आणि डोळ्याखाली एक थेंब." मामांनी वही काढली, आसूढाळचं पान वाचलं, पुन्हा वाचलं. मामी हसत बसून राहिल्या. "मला तसाच पाहिजे. मागून राहिले ना मी?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं बाईने. मामांनी दिला करून. निळसर थेंब, डाव्या डोळ्याखाली, तांदळाच्या कणीएवढा.

फाल्गुनात मामी स्वयंपाकघरात कोसळल्या. मग हॉस्पिटल, डायलिसिस, सुया, पुन्हा हॉस्पिटल. मामांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: आपण हाताने आसूढाळ घरात आणला. खिशात कापूस आणि नेलपॉलिशचं औषध घेऊन ते वॉर्डात येत. घोडा मामींच्या उशाखाली असे. "फक्त थेंब पुसतो, बाकी हात नाही लावत," असं ते अजिजीने म्हणत. मामी घोडा घट्ट धरत. एकदा माझ्यादेखत त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. तुम्हाला तर रडता येत नाही. माझ्यासाठी कोणीतरी रडायला नको?" नर्सला हसू आलं. मामा कापूस खिशात घालून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मामी ज्येष्ठात गेल्या. मामा तेव्हाही रडले नाहीत. पुढची खोली बंद झाली, मुलांचे अर्धवट घोडे मुंडक्यांशिवाय परत गेले. संत्री आणणं थांबलं. मी आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जाई, आणि दर वेळी ते तोच प्रश्न विचारत, "खरं सांग गुड्डी, माझ्यामुळे झालं ना?" मी म्हणे, छे, डॉक्टर म्हणाले ना, वर्षांपासूनचं होतं. "डॉक्टरांना घोड्यांतलं काय कळतं?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, एकच, आणि ते मी गिळून घरी येई. सांगायचं म्हणजे शपथ मोडायची, आणि त्यांच्या बायकोने त्यांच्यापासून काय लपवलं तेही त्यांना कळायचं. दोन्हींतलं कुठलं दुःख कमी, हे मला ठरवता येत नव्हतं. मी भित्री आहे, हेही होतंच.

परवा गेले तर मामा मामींच्या पलंगावर बसलेले, हातात तो घोडा. बोटं सुकून गेलीत त्यांची. त्यांनी प्रश्न विचारला आणि या वेळी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, घोडा संक्रांतीचा. मामींचा रिपोर्ट नवरात्रातला आहे. मी होते बरोबर. त्यांनी सांगू दिलं नाही."

ते बोटांवर महिने मोजू लागले. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पौषावर थांबले. "मतलब, रिपोर्ट आधी. घोडा नंतर."

"हो."

मला वाटलं, आता सुटल्यासारखे होतील. किंवा माझ्यावर ओरडतील, तेही चाललं असतं. पण घोड्याचं त्यांनी नावच काढलं नाही. म्हणाले, "मी रोज संत्र्याची सालं दाखवायचो तिला. ती येऊन पाहून जायची. सुजलेल्या पायांनी येत असेल ना गं?"

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरांकडे गेली, तेव्हा एकटी नव्हती ना? तू आत होतीस? हात-बीत धरलास का तिचा?"

"त्यांनीच माझा धरला होता," मी म्हटलं.

"बरं झालं," मामा म्हणाले. "बरं केलंस." एवढं म्हणताना त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तोंड माझ्यापासून वळवलं. मी पदराने माझे डोळे पुसत राहिले, त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, घोडा मामींच्या उशीवर नीट उभा केला आणि मला चहा करून देतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग एकेक डबा उघडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

"गुड्डी," आतून हाक आली, "साखर कुठे ठेवायची गं ती?"