खोट्या नवसाचा नारळ

मी घर सोडलं तेव्हा घामाने निथळत होते. शेगावच्या स्टेशनवर मम्मी पदराने माझा चेहरा पुसत होती. एरवी चारचौघांत कोणी नुसता केसांना हात लावला तरी मी अंग चोरते, पण त्या दिवशी गप्प उभी राहिले. पायात धावायचे बूट होते आणि हातात फोडलेला अर्धा नारळ. पप्पा माझ्या दोन बॅगांवर हात ठेवून उभे होते, जणू त्या पळून जाणार होत्या. शेजारी सलीमचाचा होते. आमच्या फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. मोबाइलमधलं घड्याळ ते मला पुन्हा पुन्हा दाखवत होते.

"तेरा मिनिट आन् चार सेकंद. चार सेकंद काय असते बेटा? ते कुत्रं आडवं आलं नसतं त झालं होतं."

बाकावर बसलेल्या लोकांना वाटलं असेल, गाडी चुकेल म्हणून पोरगी पळत आली. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

गाडी हलली तेव्हा मम्मी खिडकीबरोबर दोन पावलं चालली आणि म्हणाली, "तिथं भूक लागली त सांगजो. मनात ठिवून बसू नको."

मनात ठेवून बसणं हा आमच्या घराचा नियमच होता, आणि त्याला कारण मीच होते. दोन वर्षांपूर्वी सैन्यातल्या अधिकारीपदाच्या मुलाखतीसाठी मला पहिल्यांदा बोलावणं आलं, तेव्हा पप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं. सोनाळ्याला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं आणि खत घ्यायला तिथे सगळी पंचक्रोशी येते. माझी निवड झाली नाही. मग वर्षभर, कपाशीचं बियाणं घेणारा माणूससुद्धा पिशवी उचलता उचलता विचारायचा, "काय झालं भाऊ पोरीच्या मिलिटरीचं?" पप्पा हसून काहीतरी बोलायचे. मी आतल्या खोलीत दार लावून ते ऐकायची. दुसऱ्या खेपेला निवड झाली, पत्र आलं, तेव्हा पप्पा ते घडी करून परत पाकिटात ठेवत म्हणाले, "झाल्यावर सांगू."

कारण अजून सगळं झालं नव्हतं. चेन्नईच्या अकादमीत गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच शारीरिक चाचणी असते. दोन किलोमीटर चारशे मीटर तेरा मिनिटांच्या आत पळायचं. पुशअप्स, सिटअप्स आणि दोन पुलअप्स, म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर न्यायची. नाही जमलं तर पुन्हा एक संधी. तीही गेली तर आपली तुकडी पुढे जाते आणि आपण मागे राहतो. माझ्या हातात नऊ आठवडे होते. पहिल्या दिवशी मला सतरा मिनिटं लागली, आणि त्यात दोनदा मी बाभळीला धरून उभी राहिले होते.

आमच्याकडे रस्त्यावर कोणी उगाच पळत नाही, हे मला पळायला लागल्यावर कळलं. जानेवारीची थंडी, दोन्ही बाजूंना हरभरा, मागे सातपुडा धुरकट. तिसऱ्याच मिनिटाला एक मोटरसायकल करकचून थांबली. "काय झालं व बाई? कोन सिरीयस हाये? बस, सोडतो." कोणी नाही, असं म्हटलं तर त्याला पटेना. दुसऱ्या दिवशी दुसरी मोटरसायकल. तिसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीवाला माझ्या वेगाने गाडी चालवत शेजारून आला, अगदी फाट्यापर्यंत, मदत लागली तर असावी म्हणून. मी खाली मान घालून पळत राहिले. लाजेने माणूस दमतो, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

शाळेचंही सांगायला हवं. मी स्कूलबसने तालुक्याच्या इंग्लिश शाळेत जायची. घरी मम्मी-पप्पा वऱ्हाडी बोलायचे, पण मी 'मले' म्हटलं की पप्पा टोकायचे, "आमी कसंबी बोलू, तू शुद्ध बोल." त्यामुळे मी शुद्ध आणि कमी बोलू लागले. गावात 'इंग्लिश शाळेवाली' म्हणजे शिष्ट, असा समज होता, आणि तो खोडून काढायला जितकं बोलावं लागलं असतं तितकं माझ्याकडे नव्हतं.

मग गुरुवार आला. गुरुवारी आमच्या रस्त्याने लोक पायी शेगावला जातात, महाराजांच्या दर्शनाला. चाळीसेक किलोमीटर, दिवसभराची चाल. एका घोळक्याच्या मागून मी आले तशी पताका घेतलेली एक बाई म्हणाली, "पाहा बरं, आपन खुरडत चाललो आन् हे पोरगी हरनावानी!" मग मला म्हणाली, "पळत चालली का व शेगावले? नवस हाये?"

मी मान हलवली.

त्या हलवलेल्या मानेचा अर्थ 'हो' होता की 'सोडा मला', हे मी नंतर मम्मीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं नाही. बाईने मात्र 'हो' धरला. पुढच्या गुरुवारपर्यंत अख्ख्या रस्त्याला माहीत झालं की कृषी केंद्रवाल्या भाऊची पोरगी नवसाची सवय करून राह्यली आणि एक दिवस पळत शेगावले जानार हाये.

आणि रस्ता बदलला. मोटरसायकली थांबेनात; उलट, मला वाट देऊन कडेने जायला लागल्या. पारावरची पोरं मी दिसले की मोबाइलवरचं गाणं बारीक करायची. फाट्यावर बेबीमावशीची चहाची टपरी आहे. ती माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणि दोन केळी काढून ठेवू लागली. सगळ्यात मोठी सोय अशी की नवस कशाचा, हे कोणी विचारत नाही. विचारायचं नसतं. माझ्यासारखीला याहून चांगला पडदा कुठे मिळाला असता? मी त्याच्याआड दीड महिना पळाले. सतराची पंधरा मिनिटं झाली, आणि पंधरावर अडकली.

पुलअप्स मात्र मी कोणालाच दिसू दिल्या नाहीत. पप्पांनी दुकानाच्या गोदामात दोन भिंतींमध्ये लोखंडी पाइप बसवून दिला होता. खतांच्या गोण्यांमागे, शटर ओढून, मी त्याला लोंबकळायची.

सातव्या आठवड्यात एका सकाळी बेबीमावशीने माझ्यापुढे लाल फडक्यात बांधलेला नारळ धरला. "हे माह्या डोयाच्या आपरेशनचं हाये. पायी जानाऱ्याच्या हातानं धाडीन म्हनलं होतं महाराजाले. माहे गुडघे त कामातून गेले. तू त पळत चालली, माह्य नारय बी पळतच जाईन. तुह्या नवसासंग माह्य बी फेडून टाक."

तिचा एक डोळा अजून लालसर होता. त्याच डोळ्याने ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की मला हात पुढे करता येईना. शेजारी सलीमचाचा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"मावशी," मी म्हटलं, "मी शेगावला जात नाहीये." मग पुढे काय बोलावं ते शुद्ध भाषेत सापडेना. "मले नवस नाही. मले टेस्ट द्यायची हाये. मिलिटरीची. पळायची. आन् माहा टाइम नाही येऊन राह्यला."

सलीमचाचांचा हात पाण्यातच राहिला. बेबीमावशीने नारळ काउंटरवर ठेवला.

"म्हंजे दीड महिना माह्या केळ्या खोट्या नवसावर खाल्ल्या तुनं?"

"हाव."

"काऊन पन? आमी का तुले खाऊन टाकलं असतं?"

"नापास झाले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं."

"मंग विचारू दे ना! माह्य आपरेशन पहिल्या वेळी डाक्टरनं वापस धाडलं, शुगर वाढली म्हनून. म्या त जायच्या आधी साऱ्या फाट्याले सांगून बसली होती. काय झालं? वापस आली तवा सलीमनं भजे खाऊ घातले." तिने सलीमचाचांकडे बघितलं. "शुगर असतांनी."

"दोनच दिले होते," सलीमचाचा म्हणाले. मग हात पुसत त्यांनी मला विचारलं, "किती किलोमीटर आहे, बेटा? आन् टाइम किती?"

त्या दिवसापासून मी एकटी पळाले नाही. सलीमचाचांनी मोपेडने पुलापासून फाट्यापर्यंतचं अंतर मोजलं, पुलाच्या कठड्यावर चुन्याची रेघ मारली आणि रोज सकाळी माझ्यापुढे ठरलेल्या वेगाने मोपेड चालवू लागले. "मागं नाही पाहायचं. माह्या मडगार्डवर नजर ठेव." बेबीमावशी फाट्यावर उभी राहून ओरडायची. चाणाक्ष बाई; मी सुरुवातीला उगाच जोरात सुटते आणि मग मोडते, हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. ज्या पोरांनी गाणं बारीक केलं होतं, ती आता आकडे विचारायची. चौदा. साडेतेरा. दुकानात लोक पप्पांना विचारायला लागले आणि पप्पा, माझ्याकडे चोरून बघत, खरं सांगायला लागले.

मम्मीला माझ्या मान हलवण्याची गोष्ट कळली तेव्हा ती चिडली नाही, पण तिने निकाल दिला. "महाराजाच्या नावानं मान हालवली ना? मंग फेडा लागते." चाळीस किलोमीटर पळणं मला शक्य नव्हतं. शेवटी तडजोड झाली: निघण्याच्या दिवशी शेगावच्या वेशीपासून मंदिरापर्यंत, माझ्या चाचणीइतकंच अंतर. सलीमचाचांना तसंही टायर आणायला शेगावला जायचंच होतं, असं ते तीनदा म्हणाले. बेबीमावशीचा नारळ मी पाठीवरच्या पिशवीत घालून पळाले. तेरा मिनिटं आणि चार सेकंद. मंदिराबाहेर तो फोडला, अर्धा तिच्यासाठी परत पाठवला, आणि तशीच गाडीत बसले. पोटात ते चार सेकंद घेऊन.

चेन्नईत हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. सकाळी पावणेपाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, मग पीटी, ड्रिल, क्लास. मेसमध्ये सांबार असतं आणि पंजाबची माझी रूममेट त्यात पराठा बुडवून रोज निराश होते. तिच्याशी मी हिंदीत बोलते, इन्स्ट्रक्टरशी इंग्रजीत, आणि पळताना मनातल्या मनात वऱ्हाडीत. इथे सगळेच पळतात, म्हणून कोणालाही कोणी थांबवून विचारत नाही. सुरुवातीचे काही दिवस मला हे फार सुखाचं वाटलं. मग एका सकाळी माझ्या शेजारून एक मुलगी रडत पळत पुढे गेली, आणि आम्ही सगळ्या आपापल्या रांगेत पळत राहिलो. मला त्या मोटरसायकलवाल्याची आठवण झाली. संध्याकाळी मी तिची खोली शोधत गेले आणि दारात उभी राहून म्हटलं, "क्या हुआ?" इतकंच. तिने मला आत घेतलं.

चाचणीच्या दिवशी समोर मडगार्ड नव्हतं. मी ते डोळ्यांपुढे आणलं आणि सुरुवातीला हळू सुटले. बारा मिनिटं एकावन्न सेकंद. पुशअप्स झाल्या, सिटअप्स झाल्या. मग बार. एक पुलअप झाली. दुसरीला हनुवटी बारच्या खाली चार बोटं राहिली, आणि हात सुटले. इन्स्ट्रक्टरने माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. तिथे उभी असताना मला एकच दिसत होतं: गोदामाचं ओढलेलं शटर.

त्या रविवारी फोनची पाळी आली. तोवरचा प्रत्येक रविवार मी "सगळं ठीक" या दोन शब्दांवर निभावला होता. त्या दिवशी सांगितलं की पळणं झालं, पुलअप एकच झाली, परत द्यायची आहे, आणि नाही झाली तर मागे राहीन. पलीकडून दुकानातला आवाज येत होता. बियाण्याचे दिवस आहेत. पप्पा म्हणाले, "बरं. लोकायले झाल्यावर सांगू मंग."

"नाही पप्पा. आत्ताच सांगा."

त्यांनी सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे तीनच दिवसांपूर्वी, पप्पांचा फोन घरी नाही, फाट्यावर उचलला गेला.

"दुसरी काऊन नाही होत?" बेबीमावशीने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"हात सुटतात, मावशी."

मागून सलीमचाचा ओरडले, "बेटा, वर जातांनी हवा सोड, खाली येतांनी भर! ट्यूबच्या उलटं!" इन्स्ट्रक्टर नेमकं हेच सांगतात, फक्त ट्यूब म्हणत नाहीत.

"म्या नारय आनून ठिवला," मावशी म्हणाली. "पास झाली त येशीन तवा फोडू."

"आणि नाही झाले तर?"

"त चटनी करू. तू ये त खरी."

शेगावहून गाडी धरून गेलेले आपल्याकडचे खूपजण आहेत. पुण्याला, सुरतला, त्याहून लांब. त्यांतले बरेच माझ्यासारखेच फोनवर "सगळं ठीक" म्हणत असतील, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी घर म्हणजे पूर्वी दार लावता येणारी ती आतली खोली होती. आता डोळे मिटले की खोली येत नाही. चुन्याची रेघ असलेला पूल येतो, हरभऱ्याचा वास येतो, आणि कोणीतरी करकचून गाडी थांबवून विचारतं, काय झालं व बाई.

तर सांगते. शनिवारी सकाळी सहा वाजता माझी पुलअपची चाचणी पुन्हा आहे. दोन मारायच्या आहेत. काल संध्याकाळी सगळ्यांसमोर मैदानावरच्या बारला लटकले, माझी रूममेट खालून मोजत होती, आणि दुसऱ्या वेळी हनुवटी बारला टेकली. वर नाही गेली, टेकली.

आज बुधवार आहे.