आतलं पान

परतूरच्या स्टेशनसमोरच्या हॉटेलात सकाळचा पेपर पानं सुटी करून वाटला जायचा. कारगिलच्या दिवसांत पहिल्या पानावर सगळ्यांची झडप. एक म्हातारा फौजी मात्र आतलं पान मागायचा. लढाईवर त्याचं मत विचारलं, की नुसता मिशीवरून हात फिरवायचा.

एकदा जवळच्या गावात गॅस्ट्रोनं लेकरं दगावल्याची बारीकशी बातमी वाचून तो टोपी काढून उभा राहिला.

"काय झालं, काका?" मी विचारलं.

"एकाहत्तरच्या लढाईतून मी जिता आल्तो. घरी पोरगी हगवणीनं गेल्ती. गावानं मला हार घातले. तिच्यासाठी कुणी उभं बी राह्यलं न्हाई."

आम्ही सगळे बसूनच होतो.