शिवणीत दुमडलेलं कापड

अमरावतीच्या कापूसबाजाराबाहेर एक म्हातारा दर्जी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या लग्नात नवा अंगरखा परवडेना, म्हणून एका शेटजीचा जुना, ढगळ अंगरखा मी त्याच्याकडे नेला.

"चाचा, जादा कापड कापून टोपी करा."

माझ्या छातीवर वीत ठेवून तो हसला. "काहून कापू, भाऊ? तुमच्या कापसाले भाव आला हाये. तुमी अंगानं भरसान, तवा उसवून घ्या."

कापड आत दुमडून त्यानं अंगरखा अगदी अंगासरसा बसवला.

पुढं ज्या अमेरिकेतल्या लढाईनं आमचा कापूस महागला होता, ती थांबली, भाव कोसळले. दर्जी दिसेनासा झाला. मी किडकिडीतच राहिलो.

अजून लग्नकार्यात तोच अंगरखा घालतो. आतली दुमड बरगड्यांना लागते, आणि त्या दर्ज्याला माझ्यात दिसलेला तो भरल्या अंगाचा माणूस एकदा भेटावासा वाटतो.